टाचेखालची बरगडी

लहानू रामटेके ऑफिसात येऊन स्टुलावर बसला. समोरच्या फळीवर कालव्याचा नकाशा होता, त्यावर ट्रेसिंग पेपर पिना मारून बसवलेला होता, पेनात शाई भरलेली होती. आणि हा गृहस्थ रेघ ओढायची सोडून उजव्या पायातली चप्पल काढून टाच थंड फरशीवर टेकवून बसला होता. घरून सायकल मारत निघाल्यापासून ती टाच त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. दुखत म्हणावं तर दुखत नव्हती. तिच्यात एक आवाज बसला होता. तो कानाने ऐकला की नाही हे त्याला आता सांगता आलं नसतं, पण टाचेने ऐकला होता याबद्दल शंका नव्हती. वाळकी काडी चुलीत सारण्याआधी मोडावी तसा, बारीक आणि कोरडा. सकाळी त्याने मायच्या डाव्या कुशीवर ही टाच ठेवली होती आणि टाचेखाली काहीतरी मोडलं होतं. माय एकदाच "आं" म्हणाली, मग बराच वेळ तिचा श्वास आलाच नाही, आणि आला तेव्हा ती म्हणाली, "मोकळं झालं रे बापू. जाय आता, हापिसाले उशीर होऊन राह्यला." आणि तो खरोखरच निघाला होता. बायको, कांता, नळावर होती. तिला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. मायजवळ बस, एवढंही नाही.

मोकळं झालं म्हणाली, म्हणजे मोकळंच झालं असेल. चमक निघते तेव्हा आवाज होतच असेल, बोटं मोडताना होतो तसा. असं तो स्वतःला समजावत होता आणि समजावताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. कारण चमक, उसण, पायाळूचा पाय असल्या गोष्टींवर विहारात दरवर्षी भाषण ठोकणारा माणूस तोच होता. "जो पायाकडून जन्माला आला त्याची लाथ बसली की पाठ बरी होते म्हणता? मग पिढ्यान्‌पिढ्या लाथा खाल्लेला आपला समाज ठणठणीत का नाही झाला?" हे त्याचं हुकमी वाक्य होतं. त्यावर लोक हसत आणि मग टाळ्या पडत. आपण स्वतः पायाळू आहोत याचा मात्र त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही त्याने थांगपत्ता लागू दिला नव्हता. कांताला माहीत होतं, पण तिच्याकडूनही त्याने वचन घेतलं होतं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "रामटेकेबाबू, चहा?" त्याने मान हलवली. नको म्हणून हलवली की हो म्हणून, त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही.

माय दिवाळीनंतर आली ती खोकला घेऊनच. चामोर्शीकडच्या खेड्यात ती एकटी राहत होती. धानाच्या मळणीच्या धुळीने खोकला लागला आणि चंद्रपुरात आल्यावर इथल्या धुराने त्याला खतपाणी घातलं. सकाळी गल्लीत घरोघरी दगडी कोळशाच्या सिगड्या पेटत, दारादारापुढे पिवळट धूर उभा राही आणि त्या धुरातून मायचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. आधी ती नुसती सावध होई, कुणाची चाहूल लागल्यासारखी. हातातलं काम खाली ठेवी, खाटेची कड पकडी आणि मग सुरू होई. एका उबळीत दुसरी, मध्ये श्वास घ्यायला फट नाही, डोळे तारवटलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, सगळं अंग मुडपून गुडघ्यापर्यंत आलेलं. थांबला की पदराने तोंड पुसून ती विचारी, "कांता, भात झाला का वं?" जणू खोकला दुसऱ्याच कुणाला आला होता. औषधाच्या बाटल्या झाल्या, अडुळशाचा काढा झाला, हळद टाकून दूध झालं. मग तिने डावी कूस धरायला सुरुवात केली. आधी खोकताना धरी, मग उठता-बसताना, मग नुसता श्वास घेतानाही. झोपायची ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. चमक भरली म्हणायची. आणि एका दुपारी भाजी निवडता निवडता, लहानूकडे न पाहता, ती म्हणाली, "तुया पाय लाव ना एक डाव."

"माय, डोकं जाग्यावर हाये का तुयं?" तो म्हणाला होता. मायशी बोलताना त्याची ऑफिसातली भाषा आपोआप गळून पडे. "बाबानं काय सांगतलं होतं? विसरली?"

"तुया बाप आता कुठी पाहाले येते?"

"दवाखान्यात चाल. फोटो काढू छातीचा."

"दवाखाना नाई पायजे मले. त्या मालगुजारणीची चमक काढली तू. साऱ्या गावाची काढली. मायच तेवढी परकी काऊन?"

साऱ्या गावाची काढली हे खरं होतं. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून काढत होता. कुणाची पाठ धरली, कुणाच्या कुशीत कळ आली की निरोप येई आणि माय त्याचे पाय घासून धुऊन त्याला घेऊन निघे. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी मागच्या दाराने जायचं. मागच्या पडवीत मालगुजारीण पालथी पडलेली असे, पाठीवर कोरं लुगडं अंथरलेलं. गडी लांबूनच, उंचावरून त्याच्या पायावर पाणी ओती. मग त्याने पुढे व्हायचं, एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच त्या लुगड्यावर ठेवून हलकीच दाबायची, तीनदा, आणि मागे वळून न पाहता बाहेर यायचं. मागे पडवीत पाणी शिंपडल्याचा आवाज येई. एकदा त्याचा तोल गेला आणि पडू नये म्हणून त्याने मालगुजारणीच्या खांद्यावर हात टेकला. ती अशी किंचाळली की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. तिने आंघोळ केली, लुगडं बाहेर फेकलं, आणि मायने सगळ्यांदेखत त्याला एक ठेवून दिली. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो आपल्या तळहाताकडे पाहत होता. पाय चालत होता. हात चालला नाही. हे कोडं पुढे मोठेपणी त्याला अगदी नीट उलगडलं, त्याच्यावर भाषणंही झाली, पण भाषण संपवून घरी जाताना त्याचा तळहात अजूनही कधी कधी गरम होई.

बाप, मुखरू, या प्रकारावर आधीपासून जळफळत असे, पण बायकोपुढे त्याचं चालत नसे. छप्पन्न साली तो बैलगाडीने चांद्याला, म्हणजे याच चंद्रपूरला, बौद्ध दीक्षेला गेला आणि परतला तो वेगळाच माणूस होऊन. देव नदीत गेले, गळ्यातला ताईत चुलीत गेला, आणि मालगुजाराचा गडी पुन्हा लहानूला बोलवायला आला तेव्हा मुखरू दारात आडवा उभा राहिला. "माया पोराचा पाय आता कोणाच्या पाठीवर जाणार नाई. मालकिणीले म्हणा, दवाखान्यात जाय." गडी बराच वेळ उभाच राहिला, कारण रामटेक्यांच्या दारात त्याने असं वाक्य जन्मात ऐकलं नव्हतं. मात्र एका गोष्टीत बापाचा जुना जीव तसाच राहिला. पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात. आभाळ गडगडलं की मुखरू असेल तिथून ओरडे, "लहानू, आत ये." आणि माय, जी बाकी सगळ्या बाबतीत जिवाला इतकी जपायची, ती मात्र विजा कडाडत असताना त्याला खुशाल शेळ्या आणायला पिटाळायची. लहानपणी त्याला वाटे, मायचा आपल्यावर बापाएवढा जीव नाही. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज ट्रेसिंग पेपरवर नुसतंच पेन धरून बसला असताना ते उगाचच आठवलं.

नाही नाही म्हणत त्याने बरेच दिवस रेटले. ती रडली असती, भांडली असती, तर त्याने अजूनही दाद दिली नसती. पण आज सकाळी उबळ आली ती थांबेचना. थांबली तेव्हा माय जमिनीवर आडवी झाली होती, उजव्या कुशीवर, तोंड उघडं, आणि श्वास इतका उथळ की पोट हलताना दिसत नव्हतं.  लुगड्याचा पदर डाव्या कुशीवर सारखा करून तिने डोळे मिटले, जशी मालगुजारीण मिटत असे. आणि लहानूने चप्पल काढली. खरं सांगायचं तर तो नुसता मायच्या हट्टासाठी उभा राहिला नव्हता. त्याचाही विश्वास होता. भाषणाच्या, टाळ्यांच्या, बापाच्या शब्दाच्या पार तळाशी तो विश्वास कुठेतरी जपून ठेवलेला होता, आणि आज त्याला बाहेर यायला जागा मिळाली. त्याने भिंतीच्या खुंटीला धरलं, टाच ठेवली, हलकीच दाबली. एकदा. दोनदा. पायाला सगळं आठवत होतं, पण ते सहा वर्षांच्या पोराचं वजन आठवत होतं. तिसऱ्यांदा खुंटी हातातून निसटली.

"रामटेकेबाबू, बाहेर तुमच्या मिसेस आल्यात. रिक्षात." शिपायाने हे म्हटलं तेव्हा लहानू ताडकन उठला. तो एका पायात चप्पल घालूनच फाटकापर्यंत धावला.

रिक्षात माय कांताच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. ओठ निळसर. कांता म्हणाली, "अजी, यायले श्वासच घेता येऊन नाई राह्यला. मी नळावरून आली तं खालीच पडून होत्या. काय झालं विचारलं तं म्हणते, खोकलली." तिने त्याच्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि सरकून त्याला जागा करून दिली.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. नागपूरकडचा तरुण डॉक्टर होता, चटचट काम करणारा. त्याने ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "ही आठवी बरगडी. मोडलेली आहे, पण आजची नाही. भोवती नवं हाड धरलंय, तीन-चार आठवडे झाले असतील."

"तेव्हापासून?" कांता म्हणाली.

"तेव्हापासून. खोकल्याने मोडते कधी कधी. म्हातारपणी बायकांची हाडं ठिसूळ होतात, आणि उबळीचा जोर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार असतो. रोज खोकून खोकून एक दिवस जाते. यांनी हे सहन कसं केलं कोण जाणे." मग पेन्सिल खाली सरकली. "आणि ही नववी. ही ताजी आहे."

"खोकल्यानंच," माय खाटेवरून म्हणाली. एकेक शब्दाला श्वास घेत होती. "सकाळी खोकलली न्‌ कट झालं."

लहानूचा जीव भांड्यात पडला. इतका अलगद पडला की त्याची त्यालाच किळस आली. पण पडला खरा. आठवी खोकल्याने मोडते तर नववी का नाही मोडणार? सगळं किती सरळ होतं. एवढ्या उबळी दिलेला खोकला काही उठून म्हणणार नव्हता की ही बरगडी माझी नाही.

डॉक्टरने फिल्म खाली ठेवली. "पडल्या का कुठे? काही लागलं? घरात काही..." आणि तो कांताकडे पाहू लागला. तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे. "स्पष्ट विचारतो, राग मानू नका. खोकल्याचीच असेल तर गोळ्या देतो, आता घरी न्या. पण बाहेरून मार बसला असेल तर मी घरी सोडणार नाही. या बाजूला वर फुप्फुस, खाली प्लीहा. रक्त हळूहळू साचतं, आणि घरी गेल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

"मार नाई, काई नाई," माय म्हणाली. "घरी जाऊ द्या मले."

कांताचा चेहरा कानशिलापर्यंत तापला. तिने हात पदरात घेतले, जणू त्या हातांनी खरंच काही केलं होतं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिची नजर नुसती वाट पाहत होती. टेबलाशी गोळ्यांच्या पुड्या बांधत बसलेला कंपाउंडर इसरू दुधे हा विहारातलाच, लहानूच्या भाषणाला पहिल्या ओळीत बसणारा. त्याने मघाशी "जयभीम भाऊ" केला होता, आणि आता म्हातारीची पुडी बांधायला घेतली होती. ती पुडी बांधून झाली की माय घरी जाणार होती. दोऱ्याचा एक वेढा झाला. दुसरा झाला. लहानूच्या टाचेत तो आवाज पुन्हा वाजला, आणि या वेळी त्याला खात्री पटली की आपण गप्प बसलो तर तो जन्मभर तिथेच राहील, आणि माय कदाचित उद्याही राहणार नाही.

"मी पाय ठेवला होता," तो म्हणाला.

"काय?"

"मायच्या कुशीवर. आज सकाळी. मी पायाळू आहे. चमक काढायला पाय ठेवला अन्‌ तोल गेला. वजन गेलं सगळं." त्याचा आवाज भाषणातल्यासारखा मोठा लागला होता. आपण असं का ओरडतोय हे त्यालाच कळेना. "हिचा यात काही संबंध नाही."

इसरूच्या हातातला दोरा थांबला. डॉक्टर हसेल असं लहानूला वाटलं होतं, किंवा ओरडेल. त्याने नुसतं विचारलं, "टाच की चवडा?"

"टाच."

"बरं केलंत सांगितलंत. इसरू, पुडी राहू दे. यांना वॉर्डात घ्यायचं आहे."

मायने तोंड भिंतीकडे फिरवलं. "लोकाइपुढं सांगाची गोष्ट होती का ते?" एवढंच ती बोलली. त्यानंतर दिवसभर तिने लेकाशी एक शब्द काढला नाही. कांता पाणी पाजे, सिस्टर नाडी पाही, आणि तो खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून होता. इसरू एकदा वॉर्डातून गेला. जाताना त्याचा हात लहानूच्या खांद्याला लागला, तो मुद्दाम ठेवला की पडदा सारताना लागला, हे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोटो काढला. फुप्फुसाचा खालचा काळा कोपरा आता पांढरा झाला होता. डॉक्टरने मायला पुढे वाकवून बसवलं, पाठीत सुई घातली आणि लालसर पाणी काढलं, चांगलं बाटलीभर. मग हात धुताना म्हणाला, "काल घरी नेलं असतं ना..." आणि त्याने हात पुसायला घेतले. लहानूने व्हरांड्यात त्याला गाठलं. "डॉक्टर, ती नववी कशानं मोडली? माझ्या टाचेनं की खोकल्यानं?" डॉक्टरने मान हलवली. "सांगता येत नाही. तुम्ही पाय ठेवायच्या आधीच्या उबळीतही तिला चीर गेली असेल. फोटोत मोडलेलं दिसतं, कुणी मोडलं ते दिसत नाही."

तो परत आला तेव्हा कांता पेज आणायला घरी गेली होती. माय उशांना टेकून बसली होती. श्वास आता जरा लांब येत होता. सिस्टरने एक चादर घडी करून कुशीशी ठेवली होती आणि बजावलं होतं, खोकला आला की कुणीतरी बाजू दाबून धरा, हाताने, घट्ट, म्हणजे हाड हलणार नाही.

"लहानू."

"बोल माय."

"तू पायाळू नोहे."

त्याला वाटलं, ही तापात बरळते आहे. त्याने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

"डोक्याकडूनच आला तू. साऱ्या लेकरावानी. तुया आजीनं काढलं तुले. तिले ठाऊक अन्‌ मले ठाऊक. बाप तुया अहेरीकडं बांबू तोडाले गेला होता." ती थांबली, श्वास जमवला. "पाच-सहा वर्साचा होता तू. मालगुजारीण चमक भरून पडली. कोणी पायाळू हाये का, कोणी पायाळू हाये का, करून राह्यले होते. घरात दाणा नोहता. म्या म्हटलं, माया लहानू हाये. सूपभर कनकी देली त्याइनं."

"अन्‌ बाबा?"

"त्याले म्याच सांगतलं, पोरगं पायाळू झालं म्हणून. खरं कधी नाई सांगतलं. त्यानं मंग एवढा गोंधळ घातला, मले हासूच ये. कोणाले हासू सांगू?"

लहानूला राग आला. एवढा आला की स्टूल लाथाडून बाहेर पडावं. बापाने दारात उभं राहून म्हटलेलं ते वाक्य, आभाळाकडे पाहत मारलेल्या त्या हाका, आपली भाषणं, आपली जपून ठेवलेली लाज, सगळं एका सूपभर कनकीवर, तांदळाच्या चुरीवर, उभं होतं. विजा कडाडताना ही बाई त्याला शेळ्यांमागे पिटाळायची, कारण वीज त्याच्यावर पडणार नाही हे गावात एकट्या तिला माहीत होतं. आणि त्या रागातच त्याला ती कनकीची पेजही आठवली. गरम, मिठाची, ताटलीच्या कडेने भुरकून प्यालेली. त्या दिवशी माय जेवली होती की नाही हे मात्र किती ताण दिला तरी आठवेना.

"मंग मलेच काऊन मागितला पाय?" तो म्हणाला. "तुले तं ठाऊक होतं."

मायने खिडकीकडे तोंड वळवलं. "लोकाइले बरं वाटे ना," ती म्हणाली. "खोटंच होतं, पण मालगुजारीण उठून बसे. म्या डोळ्यानं पाह्यलं. एवढी कळ ये मले, लहानू, का वाटलं, आपल्यालेबी लागते का पाहाव."

आणि बोलता बोलता ती सावध झाली. तिच्या डोळ्यांत ती ओळखीची चाहूल आली. हात खाटेची कड शोधू लागला. लहानू उठला, चादरीची घडी तिच्या कुशीवर धरली, आणि त्याचा तळहात त्या घडीवर, एका बोटाच्या अंतरावर, तसाच थांबला. जास्त दाबलं तर? पुन्हा ते...

"हात ठेव," माय म्हणाली. "भेऊ नोको. दाबून ठेव."

त्याने हात ठेवला. उबळ आली, तिने आख्खी माय उचलून त्याच्या तळहातावर आदळली, पुन्हा आदळली, आणि चादरीच्या घडीखाली मोडकं हाड हलायला बघत होतं ते त्याला लख्ख कळत होतं. त्याने दुसरा हातही त्यावर ठेवला आणि दाबून धरला, खोकला थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही. मायने पदराने तोंड पुसलं.

"कांता पेज आणून राह्यली ना?" तिने विचारलं.

"आणून राह्यली," तो म्हणाला. हात त्याने काढले नाहीत.